लोखंडाचे पदक

नेपोलियनविरुद्ध लढलेल्या सैनिकांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी प्रशियाच्या राजाने १८१३ मध्ये पदक जाहीर केले. ते घडविले शत्रूच्या जिंकलेल्या तोफा वितळवून. १८१५ मध्ये, न लढता सैन्याबरोबर राबलेल्यांसाठी लोखंडाचे पदक आले. धातू हलका, पण नोंद झाली.

आपल्याकडे १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले, निवृत्तिवेतन सुरू झाले. हिंगोलीकडच्या एका बँकशाखेत ते वाटण्याचे काम माझ्याकडे होते. एकदा एक म्हातारी काउंटरशी आली. म्हणाली, "सायेब, निजामाच्या राज्यात रानात लपलेल्या पोरांना रातच्याला भाकरी म्या नेल्या. त्याचा कागुद कोन देनार?" तुरुंगवासाचा किंवा भूमिगत असल्याचा पुरावा लागतो, एवढे सांगून मी मोकळा झालो.

वसमतच्या महाविद्यालयाला हुतात्मा बहिर्जींचे नाव आहे, ते योग्यच. पण त्या भाकरीचे काय? १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, त्यात तिचाही वाटा होता. दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते. त्याच दिवशी ग्रामपंचायतींनी घरोघरी विचारून अशा आज्यांची नावे लिहून घ्यावीत. पैसा नको, नोंद हवी. ती मी तेव्हाच करायला हवी होती.