सामाईक मापाला हात लावताना

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आले. सुमारे १३० कोटी रुपयांच्या या यंत्रणेचा वेग आणि खर्च यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु यंत्र वेगवान झाल्याने उत्तर विश्वसनीय होत नाही. तेच उत्तर दुसऱ्या संशोधकाला, दुसऱ्या यंत्रावर, काही वर्षांनंतरही काढता आले पाहिजे. ते बव्हंशी आज्ञावली लिहिणाऱ्याच्या सवयींवर ठरते. अशाच एका मोहक सवयीविषयी विद्यार्थी मित्रांसाठी हे टिपण.

युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९५ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली रुबी ही संगणकभाषा विलक्षण उदार आहे. तिच्यात ५ हा अंकदेखील एक वस्तू असतो, आणि तो ज्या ‘इंटिजर’ या क्लासचा घटक आहे, तो क्लास कोणालाही उघडता येतो. त्यात ‘लाख’ नावाची मेथड जोडली, की पाचापुढे टिंब देऊन ‘लाख’ लिहिताच ५,००,००० हे उत्तर मिळते. मेथडचे नाव देवनागरीत असले तरी रुबीची हरकत नसते. रेल्स या प्रसिद्ध चौकटीने हीच मुभा वापरून ‘दोन दिवसांपूर्वी’ यासारखी वाक्ये थेट अंकांवर रचण्याची सोय केली. आज्ञावली माणसाच्या बोलण्याजवळ यावी, ही त्यामागील इच्छा निश्चितच स्तुत्य आहे.

अडचण अशी, की इंटिजर हा क्लास आपल्या फाइलपुरता नसतो. त्या आज्ञावलीत सामील झालेली प्रत्येक लायब्ररी तोच क्लास वापरत असते. आपण केलेला बदल त्या सर्वांवर लागू होतो, आणि त्यांच्या लेखकांना त्याची वार्ताही नसते.

मी राहतो त्या रायपूरच्या समता कॉलोनीत मराठी घरातील ‘कोटी’ आणि शेजारच्या हिंदी घरातील ‘करोड’ सुखाने नांदतात. नावे दोन, संख्या एक. व्यवहार बिघडत नाही. धोका उलट स्थितीत असतो. ब्रिटिश काळात मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून अधिक होता. नाव एक, वजने तीन. सामाईक क्लासमधील मेथडचा अर्थ गुपचूप बदलणे म्हणजे तराजूवरील चिठ्ठी तीच ठेवून वजन बदलणे होय.

हा केवळ तर्क नाही. रुबीसोबत पूर्वी ‘मॅथएन’ नावाची लायब्ररी येत असे. ती एकदा सामील केली, की पूर्णांकांच्या भागाकाराचा अर्थच पालटे. एक भागिले दोन याचे रुबीतील नेहमीचे उत्तर शून्य. ते आता एक-द्वितीयांश हा अपूर्णांक होई. गणिताच्या दृष्टीने हे अधिक शुद्ध. परंतु यादीचा मध्य शोधण्यासाठी पूर्णांकी भागाकारावर विसंबलेल्या परक्या लायब्ररीच्या पायाखालची जमीन त्याच क्षणी सरके. अखेर २०१७ च्या डिसेंबरात आलेल्या रुबी २.५ मधून मॅथएन वगळण्यात आली. पायथननेही आपल्या भागाकाराचा अर्थ बदलला. मात्र २००१ पासून संक्रमणकाळात तो बदल ज्या फाइलच्या आरंभी घोषित केला असेल, तेवढ्याच फाइलपुरता लागू होई. बदल तोच, पण त्याला कुंपण होते.

दुसरे उदाहरण संशोधकांच्या अधिक जवळचे आहे. रुबीच्या ‘ॲरे’ या क्लासला दीर्घकाळ बेरजेची स्वतःची मेथड नव्हती, म्हणून अनेक जण ‘सम’ नावाची मेथड जोडून घेत. २०१६ च्या डिसेंबरात रुबी २.४ मध्ये ती अंगभूत झाली, आणि तिच्यात दशांश बेरजेतील सूक्ष्म चुकीची भरपाई करण्याची रीतही आली. ०.१ ही संख्या दहा वेळा साध्या रीतीने मिळवली, तर संगणक ०.९९९९९९९९९९९९९९९९ असे उत्तर देतो. अंगभूत ‘सम’ अचूक १ देते. आता जुन्या फाइलमध्ये कोणीतरी जोडलेली घरगुती ‘सम’ तशीच राहिली असेल, तर ती या सुधारित मेथडला झाकून टाकते. आज्ञावली थांबत नाही, इशाराही देत नाही. फक्त उत्तराच्या शेपटात फरक पडतो. लक्षावधी नोंदींच्या बेरजेत तो फरक साचत जातो, आणि दोन प्रयोगशाळांची उत्तरे का जुळत नाहीत याचा शोध भलत्याच ठिकाणी सुरू होतो.

काही जण म्हणतील, की बंदीच घालावी. पायथनमध्ये अंगभूत क्लासला अशी मेथड जोडू पाहिल्यास थेट नकार मिळतो. मला तो मार्ग अपुरा वाटतो. विषयाची भाषा आज्ञावलीत आणता येणे ही खरी शक्ती आहे. तिचा त्याग करण्यापेक्षा तिची हद्द आखणे शहाणपणाचे. रुबीने त्यासाठी ‘रिफाइनमेंट’ ही सोय २०१३ मध्ये आणली. जोडलेली मेथड तीत फाइलच्या आरंभी ‘युझिंग’ असे जाहीर केल्यावरच, आणि त्या फाइलपुरतीच लागू होते. प्रत्येक फाइलमध्ये हे पुन्हा लिहावे लागते, अशी तक्रार ऐकू येते. माझ्या मते तो जाच नसून प्रामाणिकपणा आहे: वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळते, की येथे वेगळे माप वापरले आहे.

म्हणून प्रबंधासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. साधे फंक्शन पुरत असेल, तर तेच लिहावे. राशीला एकक असेल, तर तिच्यासाठी स्वतंत्र क्लास करावा. अंगभूत क्लासला मेथड जोडायचीच असेल, तर ती रिफाइनमेंटच्या कुंपणात जोडावी. आणि अंगभूत मेथडचा अर्थ सर्वांसाठी कधीही बदलू नये. मार्गदर्शकांनीही आलेख तपासताना एक प्रश्न अवश्य विचारावा: या आकड्यांमागील बेरीज आणि भागाकार नक्की कुणाचे आहेत?