पडद्यावरचा न्याय आणि पारावरचा न्याय

नाटकात टाळी कोठे पडते हे पाहिले म्हणजे प्रेक्षकांचे मन कळते, असे मला नेहमी वाटते. आमच्या प्रतापगडच्या पंचक्रोशीत दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव उतरतात. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेले नाटक पहाटे कोंबडा आरवेपर्यंत चालते. नायकाच्या गाण्याला टाळ्या पडतात, विनोदी नटाला हशा मिळतो. पण सर्वांत मोठी टाळी राखून ठेवलेली असते ती खलनायकाच्या मरणासाठी. त्यातही तो पोलिसांच्या गोळीने न मरता गांजलेल्या बाईच्या विळ्याने मेला, तर शिट्ट्यांना सुमार राहत नाही. पडदा पडतो. मेलेला खलनायक मागच्या बाजूला चहा पीत बसतो आणि आपण समाधानाने घरी जातो.

आता हेच नाटक मोबाईलच्या पडद्यावर आले आहे. फरक एवढाच की, पडद्यावरचा मेलेला माणूस कधी कधी खरोखरच मेलेला असतो.

'इंडियन प्रिडेटर' या मालिकेचे तिसरे पर्व 'मर्डर इन अ कोर्टरूम' या नावाने 28 ऑक्टोबर 2022 रोजी नेटफ्लिक्सवर आले. 'वळू', 'विहीर' आणि 'देऊळ' हे चित्रपट देणारे उमेश कुलकर्णी त्याचे दिग्दर्शक. विषय आपल्या विदर्भातला, नागपूरच्या कस्तुरबानगरचा. वसतिगृहातल्या मित्रांनी त्याचा पहिला भाग एकत्र बसून पाहिला आणि मग रात्रभर वाद झाला. बहुतेकांचे मत एकच पडले: 'असेच झाले पाहिजे!' या मताशी माझा निम्मा मेळ बसतो आणि निम्मा बसत नाही. तो का, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम जे घडले ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता. अक्कू यादव नावाचा गुंड कस्तुरबानगर या प्रामुख्याने दलित आणि कष्टकऱ्यांच्या वस्तीत दहा-बारा वर्षे दहशत माजवून होता. खंडणी, मारहाण, खून, आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे बायकांवर बलात्कार. तक्रार केली तर पोलीस ती दडपतात, उलट तक्रार करणारीचे नाव त्यालाच कळवतात, असा वस्तीचा आरोप होता. त्याला अटक होई आणि तो सुटून येई. 2004 च्या ऑगस्टमध्ये वस्तीचा संयम संपला. लोकांनी त्याचे घर फोडले आणि तो पोलिसांच्या आश्रयाला गेला. तो पुन्हा जामिनावर सुटणार, अशी कुणकुण लागली. 13 ऑगस्ट 2004 रोजी त्याला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणले असता जमावाने तिखटाची पूड फेकून, दगडांनी आणि सुऱ्यांनी त्याला न्यायालयातच ठार केले. दोनशेच्या आसपास बायका होत्या असे सांगितले जाते. काहींना अटक झाली तेव्हा 'आम्हा सगळ्यांनाच धरा' असे म्हणत वस्ती पुढे आली. खटला रेंगाळला, आणि 2014 मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. म्हणजे कायद्याच्या भाषेत तो खून कोणी केला हे आजही सिद्ध झालेले नाही.

या घटनेवर चित्रपटही निघाले. 2021 सालच्या '200 : हल्ला हो' मध्ये अमोल पालेकर आणि आपली रिंकू राजगुरू आहेत. पण माझा रोख कलाकृतींच्या गुणदोषांवर नाही. त्या पाहताना आपल्या मनात काय होते, यावर आहे.

असल्या कथेत प्रेक्षकाला एक फार मोठी सवलत मिळते. खलनायकाने काय केले ते त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. बंद खोलीतला गुन्हा असो वा अंधारातला, तेथे कॅमेरा हजर असतो आणि कॅमेऱ्यामागून आपणही. त्यामुळे शेवटी विळा उचलला जातो तेव्हा आपल्या मनात तिळमात्र शंका नसते. साक्ष, पुरावा, उलटतपासणी ही सगळी कटकट आपल्याला वाटते, कारण आपण स्वतःच साक्षीदार असतो. मित्रहो, प्रत्यक्ष आयुष्यात ही जागा कोणाला मिळते? गावाच्या पारावर उभ्या असलेल्या जमावाने काय पाहिलेले असते?

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाच्या गावी आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातले, पोटासाठी गावोगाव फिरणारे. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअॅपवरून पसरलेली होती. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढे निमित्त पुरले. जमावाने पाचही जणांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथेच जीव जाईपर्यंत मारले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात! जेथे जन्माची आणि मृत्यूची नोंद होते त्या ठिकाणी.

'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही म्हण आपण शाळेत पाठ केली. ती इतकी शब्दशः खरी होईल असे वाटले नव्हते.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की राईनपाड्याच्या जमावालाही आपण नायक आहोत असेच वाटत असणार. गावची मुले वाचवायची होती. पोलीस येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. गुन्हेगार समोर होता. पडद्यावरच्या नायकाजवळ जी कारणे असतात ती सगळी त्यांच्याजवळही होती. नव्हती फक्त एक गोष्ट. त्यांनी काहीही पाहिलेले नव्हते.

आमच्या प्रतापगडला महाशिवरात्रीची यात्रा भरते. त्याच परिसरात ख्वाजा उस्मान गणी हारुनी यांचा दर्गा आहे, आणि हिंदू-मुसलमान दोघेही तेथे माथा टेकतात. यात्रेच्या गर्दीत लहान मूल हरवणे ही नित्याची बाब. कोणीतरी अनोळखी माणूस रडणाऱ्या पोराचा हात धरतो, नाव विचारतो, खाऊ घेऊन देतो आणि ध्वनिक्षेपक लावलेल्या मंडपापर्यंत पोचवतो. त्या माणसाचे आपण आभार मानतो. हेच दृश्य राईनपाड्याच्या बाजारात दिसले असते तर? गर्दी तीच, मूल तेच, अनोळखी माणूसही तोच. बदलते ते गर्दीच्या मनात आधीपासून भरलेले विष.

कोणी म्हणेल, धुळे दूर आहे. मग जवळचे पाहू. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात वणी खुर्द गावी ऑगस्ट 2021 मध्ये भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना भर चौकात बांधून मारले. त्यांत म्हाताऱ्या बायकाही होत्या. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा 2013 सालीच झाला होता, तरीही. आणखी जवळ यायचे तर आमच्या तालुक्याला लागूनच गडचिरोलीचे जंगल आहे. त्या जंगलात नक्षलवाद्यांची 'जनअदालत' भरत असे. गावकऱ्यांना गोळा करायचे, एखाद्याला पोलिसांचा खबऱ्या ठरवायचे आणि सर्वांसमोर शिक्षा द्यायची. नाव जनतेचे; पण जनतेपैकी कोणाची 'थांबा, याचे ऐकून घ्या' असे म्हणायची छाती नसे. ज्या न्यायालयात बचावाचा वकील उभा राहू शकत नाही त्याला अदालत म्हणणे ही शब्दाची विटंबना आहे.

या सर्व उदाहरणांत एक धागा सारखा आहे. जमावाचा हात ज्यांच्यावर पडला ते कोण होते? भटके भिक्षेकरी, दलित म्हातारी माणसे, एकाकी गावकरी. बंगल्यात राहणारा सावकार किंवा वजनदार पुढारी पारावरच्या न्यायाने मेल्याचे मी तरी ऐकलेले नाही. नाटकात जमाव बलवानाला मारतो. वास्तवात तो बहुधा दुबळ्यालाच मारतो. बळी तो कान पिळी, हाच तेथला दंडविधान!

मग कस्तुरबानगरच्या बायकांचे काय? त्यांना मी राईनपाड्याच्या जमावाच्या पंगतीला बसवतो आहे काय? मुळीच नाही. दोन फरक मला ठळक दिसतात. पहिला असा की त्या बायकांना ठाऊक होते. कोणाच्या मोबाईलवर आलेली ती अफवा नव्हती. स्वतःच्या घरात, स्वतःच्या देहावर भोगलेले ते सत्य होते. दुसरा फरक याहून महत्त्वाचा. त्यांनी आधी दार ठोठावले होते, एकदा नव्हे, वर्षानुवर्षे. पोलीस ठाण्याचे आणि न्यायालयाचे दार त्यांच्यासाठी उघडलेच नाही, आणि मग जे घडले ते त्या बंद दारासमोर घडले. राईनपाड्यात दार ठोठावण्याइतकाही धीर कोणी धरला नाही.

म्हणून माझी सहानुभूती त्या बायकांकडे आहे. पण माझी टाळी त्या दुपारला नाही. ज्या समाजात बाईला तिखटाची पूड पदरात बांधून न्यायालयात जावे लागते, तेथे ती बाई जिंकलेली नसते. राज्यव्यवस्था हरलेली असते. त्यानंतरही दहा वर्षे खटल्याचे ओझे वाहायला लागले ते त्यांनाच. नाटकातल्या नायिकेसारखा पडदा पडून त्यांची सुटका झाली नाही.

2005 सालचा निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' मला या दृष्टीने प्रामाणिक वाटतो. बँकेत नोकरी करणारा माधव आपटे भ्रष्टाचाराला विटून हाती दांडा घेतो. आपल्याला तो आवडतो, पण चित्रपट त्याला सुखाने घरी परतू देत नाही. पोलिसांच्या गोळीने त्याचा शेवट होतो. नियम मोडणाऱ्यांवर चिडलेला माणूस स्वतःच नियमाबाहेर गेला की परतीची गाडी नसते, हे तेथे स्पष्ट दिसते.

माझ्या मित्रांचा एक आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. ते म्हणतात, 'न्यायालयात वर्षे जातात, साक्षीदार फुटतात, पैसेवाला सुटतो. मग गरिबाने करायचे काय?' प्रश्न खरा आहे. पण न्यायालयाच्या निकालावर अपील असते. जमावाच्या निकालावर नसते. 2019 च्या डिसेंबरात हैदराबादला बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले तेव्हा देशभर पेढे वाटले गेले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने 2022 मध्ये अहवाल दिला की ठार करण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या होत्या आणि पोलिसांची हकीकत विश्वसनीय नव्हती. तोवर पेढे संपले होते. ते चौघे दोषी होते की नव्हते, हे आता कोणतेही न्यायालय ठरवू शकणार नाही.

केवळ 'कायदा हाती घेऊ नका' असा उपदेश करून थांबणे मला पटत नाही. तो उपदेश पोट भरलेल्याने उपाशी माणसाला करावा तसा होतो. दार उघडायला लावण्याची साधने आज आहेत. ती आपल्या गावांत कोणाला ठाऊक नाहीत, हे दुखणे आहे. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार आली तर पोलिसांनी ती नोंदवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितले आहे. ठाणेदार ऐकत नसेल तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. बलात्काराची फिर्याद नोंदवून न घेणारा पोलीस अधिकारी स्वतःच गुन्हेगार ठरतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 1987 च्या कायद्याने वकील मोफत मिळतो. गावातल्या लहानसहान भांडणांसाठी 2007 पासून तंटामुक्त गाव मोहीम आहे. बांधावरचा तंटा पारावर मिटवायला ती चांगली. पण गंभीर गुन्हा पारावर मिटवणे आणि पारावर शिक्षा देणे, दोन्ही सारखेच घातक.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो, झाडे लावतो. ते करावेच. त्याच्या जोडीला एक संध्याकाळ गावकऱ्यांना फिर्याद कशी लिहायची आणि तिची प्रत मोफत कशी मागायची हे समजावून सांगायला काय हरकत आहे? आमच्या गुरुजनांनी याचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.

आणि स्नेहसंमेलनात एकांकिका बसवणाऱ्या मित्रांना आणखी एक सुचवावेसे वाटते. खलनायकाच्या मरणाचा प्रवेश आपण पुष्कळ केला. यंदा त्याच्या कितीतरी आधीचा प्रवेश लिहून पाहा. रात्रीची वेळ आहे, पोलीस ठाण्यात एक बाई उभी आहे. हवालदार तिला 'उद्या या' म्हणतो आहे, आणि ती जात नाही. तिच्या शेजारी आणखी एक बाई येऊन उभी राहते, मग आणखी एक, मग कॉलेजातली दोन पोरे. शेवटी हवालदार वही उघडतो आणि पेन शोधू लागतो. या प्रवेशाला शिट्ट्या पडणार नाहीत, हे मी जाणून आहे. पण कस्तुरबानगरात हा प्रवेश वेळेवर झाला असता, तर पुढच्या नाटकाची गरज पडली नसती.