हेरातची मुलगी आणि आपला व्हिसा

२०१० च्या बकरी ईदला माझ्यासोबत एक पाहुणा कळंबला आला होता. पुण्यात मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, तो शेजारच्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर करत होता. गाव हेरातजवळचं, अफगाणिस्तानातलं. भारत सरकारच्या आयसीसीआरच्या शिष्यवृत्तीवर आलेला. आम्ही स्वारगेटहून एसटीने निघालो आणि वाटेभर तो ऊस बघत होता. एवढा ऊस त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

घरी अम्मीला वाटलं होतं की याच्याशी बोलायचं कसं. पण त्याचं हिंदी माझ्यापेक्षा बरं होतं. 'क्यूंकी सास भी कभी बहू थी' ही मालिका काबूलच्या तोलो वाहिनीवर दरी भाषेत दाखवत, आणि तिच्यापायी हिंदी सिनेमे पाहायची सवय लागली, असं त्याने सांगितलं. अम्मी आणि तो अर्धा तास तुलसीच्या संसारावर बोलले. अब्बांना तो 'काका' म्हणाला. मला वाटलं मराठी शिकला. पण त्यांच्याकडेही चुलत्याला काकाच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी अब्बा त्याला रानात घेऊन गेले. आमची दीड एकर जमीन, निम्मा ऊस, निम्मं डाळिंब. नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहतोय, पण आमची चारी टेलला. आवर्तन सुटलं तरी पाणी आमच्यापर्यंत येईतो वरचे लोक मोटारी टाकतात. अब्बा हे सगळं पाटकऱ्याला शिव्या देत समजावत होते. तो हसायला लागला. म्हणाला, आमच्याकडे 'मीराब' असतो. गावाने नेमलेला, कुणाच्या शेताला किती वेळ पाणी ते ठरवणारा. त्यालाही सगळे अशाच शिव्या देतात. मग दोघं बांधावर बसून पाऊण तास वरचे आणि खालचे या विषयावर बोलत राहिले. परराष्ट्र धोरणावरची बरीच भाषणं मी नंतर ऐकली. त्यातलं एकही इतकं मुद्द्याचं नव्हतं.

त्याच्या गावापासून पूर्वेला चिश्त-ए-शरीफ आहे. अजमेरच्या ख्वाजांची चिश्तिया परंपरा ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते, ते हेच. तिथे हरीरूद नदीवर भारत तेव्हा धरण बांधत होता, सलमा धरण. काम सत्तरच्या दशकात सुरू झालं होतं, युद्धात बंद पडलं. भारताने ते पुन्हा हाती घेतलं आणि ४ जून २०१६ ला त्याचं उद्घाटन झालं. ४२ मेगावॅट वीज, ७५ हजार हेक्टर सिंचनाचं उद्दिष्ट. त्या दिवशी त्याने मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, काकांना सांग, आता आमचाही कालवा. पुढे कळलं की हरीरूदच्या खालच्या अंगाला असलेल्या इराणने पाणी कमी झाल्याची तक्रार केली. टेलचं भांडण तिथेही.

भारताने तिथे जे केलं ते थोडं नाही. झरंज ते देलाराम हा २१८ किलोमीटरचा रस्ता, काबूलची संसद, काबूलला वीज आणणारी वाहिनी, मुलांचं रुग्णालय. ३४ प्रांतांत चारशेहून जास्त कामं, सुमारे ३ अब्ज डॉलर. २०१४ मध्ये कंदाहारला कृषी विद्यापीठ सुरू झालं, तेही भारताच्या मदतीने. कंदाहारचं डाळिंब जगात नावाजलेलं आणि आमचा इंदापूर तालुका डाळिंबाचा, म्हणून ही बातमी मला आपल्या घरातलीच वाटली होती. आणि या सगळ्यांबरोबर विद्यार्थी. आयसीसीआरच्या शिष्यवृत्त्या वाढत वर्षाला हजारावर गेल्या. त्यातले कितीतरी पुण्यात आले. पुण्याला हे नवं नव्हतं. परदेशी विद्यार्थ्यांसाठी म्हणून १९७१ मध्ये इथे सिम्बायोसिस उभी राहिली होती.

आता पुण्याने त्यांना कसं वागवलं हेही सांगायला हवं. माझ्या या मित्राला अकरा ठिकाणी खोली नाकारली गेली. मी बरोबर होतो. सातव्या ठिकाणी घरमालक त्याला म्हणाले, परदेशी चालतात, पण... आणि त्यांनी माझं नाव विचारलं. नाव ऐकून माझ्याकडेही पाहिलं. आम्ही जिना उतरताना तो म्हणाला, तुलाही? एवढंच. भाडेकरार झाला तो शेवटी कॅम्पात.

तो २०१३ मध्ये परत गेला. पण ही गोष्ट त्याची नाही, त्याच्या धाकट्या बहिणीची आहे.

भावाचं ऐकत ऐकत तीही पुण्याला आली, २०१९ मध्ये, एम.एस्सी. करायला. सावित्रीबाई फुले या नावाचं विद्यापीठ आहे याचं तिला फार अप्रूप होतं. सावित्रीबाई कोण, हे तिने मला विचारलं आणि मला धड सांगता आलं नाही, म्हणून मी नव्याने वाचलं. २०२० मध्ये करोनामुळे वर्ग ऑनलाइन झाले, वसतिगृह रिकामं झालं, ती हेरातला गेली. एक सत्र राहिलं होतं, प्रबंध बाकी होता. १५ ऑगस्ट २०२१ ला, आपल्या स्वातंत्र्यदिनी, तालिबानने काबूल घेतलं. दहा दिवसांनी भारताने अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले. यापुढे फक्त ई-व्हिसा, असं जाहीर झालं. तिने अर्ज केला. पुन्हा केला. पुण्यात तिच्यासारखे बाकीचे मित्र कधी दिल्लीला, कधी विद्यापीठात निवेदनं देत राहिले. व्हिसा आला नाही. तिची पदवी एका सत्रासाठी अडकली ती आजपर्यंत.

सुरक्षेचा प्रश्न होता, हे मी मान्य करतो. दूतावासातून माणसं बाहेर काढावी लागली, पासपोर्टांच्या चोरीची भीती होती. त्या आठवड्यात कुठल्याही सरकारने घाईचा निर्णय घेतला असता. पण आठवडा आणि वर्षं यात फरक आहे. ज्या मुलीची सगळी कागदपत्रं, गुणपत्रिका, बोटांचे ठसे आपल्याकडे आधीच आहेत, तिची ओळख पटवायला इतका काळ लागत नाही. मी डेटाबेसवर काम करून पोट भरतो, एवढं मला कळतं.

मधल्या काळात तालिबानने मुलींना सहावीच्या पुढची शाळा बंद केली, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं बंद केली, डिसेंबर २०२४ मध्ये सुईण आणि नर्सिंगचे वर्गही बंद केले. बाईला पुरुष डॉक्टरकडे जाण्यावर अडथळे आणि बाई डॉक्टर-नर्स घडवायलाही बंदी. विद्यापीठबंदी शरियतच्या विरोधात आहे, असं अल-अझहरच्या मुख्य इमामांनी त्याच महिन्यात जाहीरपणे सांगितलं होतं. आपल्याकडच्या किती व्यासपीठांवरून ते सांगितलं गेलं?

इथे आपल्याविषयी थोडं बोलू. १६ ऑगस्ट २०२१ ला ऑफिसच्या कॉलवर एक सहकारी मला गमतीत म्हणाला, "काय, अभिनंदन का?" तुमच्यापैकी अनेकांना असा कुणीतरी भेटला असेल. मी हसून विषय बदलला. त्याच रात्री नात्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी अमेरिका हरली म्हणून खरोखरच आनंद केला होता. तिथेही मी गप्प बसलो. दोन्हीकडे गप्प बसायची कारणं वेगळी होती, पण परिणाम एकच. हेरातमधल्या एका मुलीचं सत्र बुडत होतं आणि मी स्वतःची इभ्रत सांभाळत होतो. आपल्याला 'तालिबानी' म्हणणाऱ्याचं तोंड बंद करायला आपण हा विषय टाळतो. टाळल्याने ते बंद होत नाही, हे एव्हाना कळलं आहे. आणि झालं असतं तरी हा विषय त्या माणसाचा नाहीच. तो तिचा आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी दिल्लीत आले. १० तारखेला भारताने काबूलमधल्या आपल्या तांत्रिक पथकाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देत असल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी अफगाण दूतावासातल्या त्यांच्या पत्रकार परिषदेला महिला पत्रकारांना बोलावलं गेलं नाही. टीका झाली, मग १२ तारखेला दुसरी परिषद झाली आणि महिला पत्रकार पुढच्या रांगेत बसल्या. त्यांनी प्रश्न विचारले. मधल्या दिवशी, ११ तारखेला, मुत्ताकी देवबंदला गेले. तिथे त्यांचं मोठं स्वागत झालं. पाहुण्याचं स्वागत करावं, त्यात माझी तक्रार नाही. पण ज्या दारुल उलूममध्ये इल्मची एवढी परंपरा, तिथे एकाने तरी मुलींच्या इल्मविषयी मोठ्याने विचारायला हवं होतं.

(१० ऑक्टोबर ही तारीख मला आणखी एका कारणाने लक्षात राहिली. सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं, फातिमाचा उल्लेख असलेलं पत्र १० ऑक्टोबर १८५६ चं आहे. आपण आजारपणात माहेरी असताना शाळेचा भार एकट्या फातिमावर पडत असेल, याची काळजी त्यात आहे. २०२५ च्या सुरुवातीला फातिमा शेख होत्या की नव्हत्या यावर वाद घालणाऱ्यांनी आणि त्याला उत्तर देणाऱ्या आपण सर्वांनी ते एकदा वाचावं.)

तालिबानशी बोलूच नये, असं माझं म्हणणं नाही. ५० हजार टन गहू देण्याचं भारताने ठरवलं ते योग्यच होतं, औषधं पाठवली तेही. दूतावास उघडला तर व्हिसाचा शिक्का जवळ आला. एप्रिल २०२५ च्या अखेरीस अफगाणांसाठी नवी व्हिसा व्यवस्था सुरू झाली आहे आणि तिच्यात विद्यार्थी हा वर्ग आहे. त्या वर्गात मुली येतील कशा, हा प्रश्न आहे. महरमशिवाय त्यांना विमानात चढू देत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये दुबईच्या एका उद्योजकाच्या शिष्यवृत्तीवर निघालेल्या सुमारे शंभर मुलींना काबूल विमानतळावरून परत पाठवलं गेलं.

मग त्यावर उपाय आपल्याच नियमांत आहे. उपचारासाठी येणाऱ्या रुग्णाबरोबर सोबत्यालाही व्हिसा मिळतो. तसाच विद्यार्थिनीबरोबर भावाला, वडिलांना, नवऱ्याला द्या. महरमची अट आपल्याला पटो न पटो, तिच्यासह मुलगी बाहेर येत असेल तर येऊ द्या. आणि २०२१ मध्ये ज्यांची पदवी अर्धवट राहिली त्यांना पहिला क्रमांक. महाराष्ट्रात गल्लोगल्ली नर्सिंग कॉलेजं आहेत. त्यातल्या काही जागा अफगाण मुलींसाठी ठेवायला काय हरकत आहे? १० ऑक्टोबरच्या संयुक्त निवेदनात शिष्यवृत्त्यांचा उल्लेख आहेच, मुलींच्या जागा त्यात वेगळ्या मोजल्या जाव्यात.

सरकार ऑनलाइन शिष्यवृत्त्याही देतं. चांगलं आहे, काही नसण्यापेक्षा पुष्कळ. पण २०२५ च्या सप्टेंबरअखेर तालिबानने देशभराचं इंटरनेट सुमारे दोन दिवस बंद केलं होतं. ज्यांच्या हातात तुमची केबल आहे त्यांच्या मर्जीवर तुमची पदवी असेल, तर तिला पदवी म्हणताना मी जरा अडखळतो.

आपण काय करणार? दिल्लीकडे बोट दाखवणं सोपं आहे. पुण्यात आझम कॅम्पस आहे, मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम आहे. चार विद्यार्थिनींचं वसतिगृह आणि फी उचलणं या संस्थांना जड नाही, आपण मागितलं तर. आपल्या खासदाराला पत्र लिहायला एक संध्याकाळ लागते. मी लिहिलं आहे, उत्तर यायचं आहे. ज्यांची पुण्यात स्वतःची खोली भाड्याने आहे त्यांनी पुढच्या वेळी अफगाण नाव ऐकून 'पण' म्हणू नये, हेही त्यातच आलं.

आणि कळंबचंही सांगतो. माझ्या फुफीची मुलगी बारावीला ७८ टक्के मिळवून घरी बसली होती. कॉलेज बारामतीला, एसटी सकाळची, येताना अंधार पडतो. कुणी बंदी घातली नव्हती. फक्त घरातल्या कुणीच बस बदलायला जायचं काम अंगावर घेतलं नाही, त्यात मीही होतो. मी तेव्हा पुण्यात अफगाण मुलींच्या निवेदनावर सह्या गोळा करत होतो. हे लक्षात आणून दिलं ते अम्मीने, फार गोड शब्दांत नाही. वर्षभर उशिरा तिचा बी.कॉम.ला प्रवेश झाला. आता ती दोन बस बदलून जाते.

हेरातची ती मुलगी घरातच आजूबाजूच्या सहा मुलींना शिकवते. इंटरनेट बंद झालं त्यानंतर तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. पायथॉनचा पूर्ण अभ्यासक्रम, नेटशिवाय चालणारा. मी चार रविवार बसून ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर तो भरला, इन्स्टॉलरसकट, आणि दिल्लीत उपचारासाठी आलेल्या एका अफगाण कुटुंबाबरोबर पाठवला. तो पोहोचायला सात आठवडे लागले. गेल्या महिन्यात तिचा निरोप आला. तिसऱ्या धड्यातली एक फाइल उघडत नाही, आणि मुलींनी विचारलंय की डेटाबेसचा भाग कधी पाठवणार. शेवटी तिने काकांची चौकशी केली होती, यंदा टेलला पाणी आलं का म्हणून.