खिदमतीचं कौतुक पुरे, तासांचं बोला

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग वस्त्यांत अशी घरं शोधावी लागत नाहीत. अब्बा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, अम्मी कामावर, आणि घर सांभाळायला बारा-तेरा वर्षांची मुलगी. सकाळी ती अब्बांचं अंग पुसते, त्यांना भरवते, दादीला इन्सुलिन टोचते. मग शाळा, तीही जमली तर. मोहल्ला म्हणतो, "किती गुणाची पोर! जन्नत कमावतेय."

मला या कौतुकाचाच राग येतो. आईवडिलांची खिदमत फर्ज आहे, यात वाद नाही. पण त्याच घरातला तिचा मोठा भाऊ, शेजारचे सख्खे चाचा यांच्यावर ती फर्ज नाही का? सवाब सगळा एकट्या पोरीच्या वाट्याला देण्याइतके उदार आपण कधीपासून झालो?

कायद्यालाही ती दिसत नाही. बालकामगार कायदा कारखान्यातलं मूल शोधतो. आजाऱ्याची शुश्रूषा त्याच्या लेखी मजुरी नाही. शाळेच्या हजेरीपटावर ती फक्त 'गैरहजर' असते. इंग्लंडमध्ये 2014 च्या कायद्याने अशा मुलांच्या गरजा तपासण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली. आपल्याकडे असं काही नाही. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. पालक दुर्धर आजारी असतील तर मुलामागे महिना 2,250 रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाकडे करायचा. पण दाखले गोळा करत फिरणार कोण? पुन्हा तीच पोर?

इथे जमातीने पुढे यावं. रमजानमध्ये आपण रेशनचं किट देतो. चांगलंच आहे, पण या मुलीला तांदळापेक्षा सकाळचे दोन तास हवे आहेत. मोहल्ल्यातल्याच एखाद्या गरजू बाईला तेवढ्या वेळासाठी पगार द्यावा. जकातीचा पैसा वापरायचा तर हनफी फिकहाप्रमाणे तो हकदाराच्या मालकीचा व्हावा लागतो. मग तो त्या कुटुंबाच्या हाती द्या, बाईचा पगार ते देतील. सदका-लिल्लाहच्या पैशाला तर तीही अडचण नाही.

आणि मशिदीच्या कमिटीत दहावी-बारावी झालेली दोन पोरं असतातच. योजनेचे अर्ज त्यांनी भरावेत. जुम्याला तशी एक घोषणा करायला इमामसाहेबांना एक मिनिटही लागणार नाही.