टेम्पो घ्यायचा, पण चावी कुणाच्या हातात?

"आम्हाला टेम्पो घ्यायचाय, कुठला घेऊ?" भिवंडीतल्या एका बचत गटानं मला हे विचारलं, तेव्हा मला हसूच आलं. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत आम्हाला समुदाय संघटन शिकवलं, कुटुंब समुपदेशन शिकवलं, टेम्पो काही कुणी शिकवला नाही! पण या प्रश्नामागे काही महिने हिंडल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. गाडीची निवड हा बायकांच्या धंद्यातला एक राजकीय निर्णय आहे, आणि नेमका तोच आपण 'त्यातलं आपल्याला काय कळतं' म्हणून पुरुषांवर सोपवून मोकळ्या होतो.

भिवंडीत यंत्रमागावर काम करणारे परगावचे कामगार भिसीत जेवतात. ही भिसी म्हणजे पैशांची नव्हे, खाणावळ. अशा कितीतरी भिश्या बायकांच्या कष्टावर चालतात. मुंबईच्या गिरणगावातही हेच होतं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते अशाच खाणावळवाल्यांना सावकाराच्या दारातून बँकेच्या दारात नेण्यासाठी. तेव्हा गिऱ्हाईक चालत घरी यायचं. आता गल्लीतले माग भंगारात निघताहेत आणि काम गेलं आहे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोलीच्या गोदामांत. जेवणारा तिकडे हायवेला, चूल इकडे गल्लीत. मधलं अंतर कोण कापणार, यावर धंदा कुणाचा हे ठरतं.

आमच्या या गटात नऊ जणी. रोजचे सव्वाशे डबे आणि वर वरणभाताची पातेली. रिक्षावाला वेळेवर येत नाही, म्हणून गाडी हवी. घरोघरच्या पुरुषांचं ताबडतोब एकमत झालं: बोलेरो पिकअप. दणकट गाडी, टनाच्या वर माल ओढते. आम्ही एका रात्री भरलेली पातेली आणि डब्यांच्या पिशव्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहिल्या. सगळं मिळून अडीचशे किलोच्या आतच! मग उरलेला टन कुणासाठी? उत्तर मिळालं, "दुपारनंतर भाडी मारता येतील."

हा विचार अगदीच चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. हप्ता मोठा असतो, गाडी उभी ठेवणं परवडत नाही. पण भाडं घेऊन वापीला गेलेली गाडी दुसऱ्या दिवशी अकराच्या आत गल्लीत परत येईल याची हमी कोण देणार? आणि भाड्याचे पैसे गटाच्या वहीत येतील की ज्याच्या हातात चावी त्याच्या खिशात राहतील? मोठी गाडी आपल्या मालासाठी सुचवलेली नसते, आपल्या कर्जावर उभ्या राहणाऱ्या दुसऱ्याच्या धंद्यासाठी सुचवलेली असते, हे निदान ओळखावं तरी!

शेजारच्या वस्तीतल्या परकर शिवणाऱ्या गटाचं काय झालं ते मी पाहिलं आहे. टेम्पो एकीच्या नवऱ्याच्या नावावर घेतला, चालवायचाही तोच. तो दुकानात माल टाकायचा, वसुली करायचा, नवी ऑर्डर घ्यायचा. सहा महिन्यांत दुकानदार त्यालाच फोन करू लागले. वर्षभरानं तो बायकांना नगावर मजुरी देऊ लागला. पूर्वी घरी बसून शेठच्या कांड्या भरत होत्या, आता घरी बसून भाऊजींचे परकर शिवतात. यात तो माणूस फार दुष्ट होता असंही नाही. बाजाराकडे जाणारा रस्ता त्याच्या हातात होता, एवढंच!

म्हणून माझं म्हणणं असं, की गाडी बघायला जाताना पहिला प्रश्न 'किती टन' हा नको, 'चालवणार कोण' हा हवा. तो ठरला की बाकीचं सोपं होतं. आम्ही गेलो त्या शोरूममध्ये विक्रेता सगळा वेळ सोबत आलेल्या दिराशी बोलत होता. शेवटी आमच्यातल्या धाकटीनं दार उघडलं आणि ती सीटवर जाऊन बसली. क्लचवर पाय पोचतो का, साडीत पोचतो का, मागचं नीट दिसतं का, हे बसल्याशिवाय कळत नाही. हौद्याची उंचीही बघा. उकळतं पातेलं कमरेच्या वर उचलायला लागलं तर महिन्याभरात पाठ बोलायला लागते. टाटा एस, म्हणजे २००५ साली आलेला आपला 'छोटा हत्ती', पाऊण टन नेतो आणि अरुंद गल्लीत वळतो. पण उघड्या हौद्यात अंजूरफाट्याची धूळ थेट जेवणावर, म्हणजे बंद बॉडीचा खर्च धरायला हवा. मारुतीची ईको कार्गो बंद असते, सीएनजीवर मिळते, ओझं कमी नेते, डब्यांना पुरते. मी असते तर तीच घेतली असती. पुढे दोघीच बसतात, ही मात्र अडचण. वाढायला जाणाऱ्या बाकीच्या मागे पातेल्यांत बसून जातात, सगळीकडेच जातात. मालगाडीत अशी माणसं बसवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर भरपाईसाठी कोर्टाच्या खेपा. तेव्हा तिसरीच्या रिक्षाचे पैसे हिशेबात आधीच धरा. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून धंद्याचा माल नेण्याची पळवाटही नको, तिथेही विमा हात वर करू शकतो.

"बाईला टेम्पोचं लायसन्स कोण देणार?" हा हुकमी प्रश्न. देतात की! मालवाहू गाडीच्या परवान्याला पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ साली निघाली. शिवाय ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं स्पष्ट केलं, की हलक्या मोटारीचा परवाना असलेल्यांना ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. छोटा हत्ती त्याच्या कितीतरी खाली येतो. आणखी एक, एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिटही लागत नाही. मोठ्या पिकअपपैकी काही त्या रेषेपलीकडे जातात. चौथी शिकलेली आमची मावशी म्हणाली, "म्हणजे कायदा अडवत नव्हता, घरचेच अडवत होते!"

काही मैत्रिणी माझ्याशी भांडतात. स्वयंपाक बाईनं, भांडी बाईनं, आता ड्रायव्हिंगही तिनंच करायचं का? भांडण रास्त आहे. सगळ्यांनी स्टिअरिंग धरावं असं मी म्हणतच नाही. पगारी ड्रायव्हर ठेवा, खुशाल ठेवा. मात्र तो पगारी असावा, नातलग नसावा. ऑर्डरचा फोन स्वयंपाकाच्या ओट्यावर राहावा, वसुलीला गटातलीच जावी. आणि तो न सांगता गेला तर दुसऱ्या दिवशी गाडी काढू शकेल अशी एक तरी गटात हवी. नाहीतर त्याची सुट्टी म्हणजे धंद्याची सुट्टी.

नावाचं तेवढंच महत्त्वाचं. आरसीवर ज्याचं नाव, तो मालक. मुद्रा योजनेत किशोर गटात पाच लाखांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. ते बाईच्या नावावर काढायचं आणि गाडी मात्र 'व्यवहार सोपा पडतो' म्हणून नवऱ्याच्या नावावर, असं सुचवणारे भेटतात. तिथे सही करू नका. गाडी गटातल्या एकीच्या नावावर असेल, तर बाकीच्या आठ जणींचा हिस्सा किती आणि ती गट सोडून गेली तर काय, हे आधी कागदावर लिहून घ्या. मैत्रिणी मैत्रिणींत कागद कशाला, असं वाटतं खरं. पण भांडण झाल्यावर तो कागद कुणी करत नाही.

गाडीचं बुकिंग करण्याआधी दोघींचं शिकाऊ लायसन्स काढा. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. ड्रायव्हिंग स्कूलची वेळ ठरवताना तेवढी पाण्याची वेळ सोडून मागा. आमच्या दोघी दुपारी तीनला जातात. स्वयंपाक उरकलेला असतो आणि नळाला पाणी यायला अजून दोन तास असतात.