चित्रकलेचा तास

शनिवारची सकाळची शाळा संपत आलेली असते. शेवटचा तास चित्रकलेचा. घंटा होते न होते तोच दप्तरांतून वह्या बाहेर पडतात, रंगपेट्यांची झाकणे खटखट वाजू लागतात, पाण्याच्या वाटीसाठी कोपऱ्यात लहानसे भांडण होते आणि कोणाच्या तरी सदऱ्यावर निळ्या रंगाचा डाग पडतोच. इतर तासांना मुकाट बसणारी मुले या तासाला बोलकी होतात. वर्गातील हा आनंद पाहिला, की मला फार बरे वाटते. परंतु तास संपल्यावर त्याच वह्या चाळून पाहिल्या, की मन थोडे खट्टू होते.

कारण चाळीस वह्यांत चित्र एकच असते! दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा अर्धा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठावर झोपडी, झोपडीशेजारी नारळाचे झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. मुलांनो, हे चित्र तुम्हीही काढले असेल. मीही काढले आहे. कोकणातील मुलाने नारळ काढला तर नवल नाही. पण ज्या गावात नारळाचे झाड औषधालाही सापडत नाही, तेथील मुलेही नारळच काढतात! त्यांच्या दाराशी कडुनिंब असतो, बांधावर बाभळी असतात, पारावर वड असतो. ही झाडे रोज त्यांच्याशी बोलत असतात आणि वहीत मात्र कोणाचे तरी परके झाड येऊन बसते. हे असे का व्हावे?

मला वाटते, याचे कारण भीती हे आहे. ठरलेले चित्र काढले, की कोणी हसत नाही. आपले स्वतःचे चित्र काढले, तर हसतील ही धास्ती असते. ही धास्ती उगाच निर्माण होत नाही. ती कोणीतरी निर्माण केलेली असते. मीही एकदा त्या पापात भागीदार होतो.

मी चौथीत असताना आमच्या वर्गात फळ्यावर आंबा काढून दिला जाई आणि तो आम्ही वहीत उतरवून घेत असू. एके दिवशी काय झाले कोणास ठाऊक, 'आज तुमच्या मनातले काहीही काढा' असे सांगण्यात आले. माझ्या शेजारी एका सुताराचा मुलगा बसे. त्याने बैलगाडी काढली. गाडी वरून दिसावी तशी, आणि तिची दोन्ही चाके मात्र दोन बाजूंना सपाट पसरलेली! गुरुजींनी वही उंच धरून वर्गाला दाखवली आणि विचारले, "ही गाडी आहे, की पाय पसरून पडलेला बेडूक?" सारा वर्ग खो खो हसला. सर्वांत मोठ्याने मी हसलो. त्या मुलाने वही मिटली. पुढे वर्षभर त्याने नेमाने आंबेच काढले. ते आंबे सुबक असत आणि त्याला गुणही चांगले मिळत.

पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले, की त्या चित्रात चुकीचे असे काहीच नव्हते. त्याने प्रत्येक चाकाचे आरे मोजून काढले होते. मधला तुंबा होता, बाहेरची लोखंडी धाव होती. वडिलांच्या हाताखाली त्याने चाके जवळून पाहिली होती आणि गाडीला दोन चाके असतात हे त्याला पक्के ठाऊक होते. मग त्यातले एक चाक दुसऱ्याच्या आड लपवावे तरी कसे? लहान मूल डोळ्यांना दिसते तेवढेच काढत नाही, त्याला जे माहीत असते तेही काढते. प्राचीन इजिप्तमधील चित्रकारसुद्धा माणसाचा चेहरा बाजूने आणि त्याच चेहऱ्यावरील डोळा समोरून काढीत. त्यांना कोणी बेडूक म्हणाले नाही!

ही गोष्ट काही शहाण्या माणसांनी फार पूर्वी ओळखली होती. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात फ्रान्झ चिझेक नावाच्या चित्रकाराने १८९७ साली मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग उघडला. तेथे नमुना गिरवायला न देता मुलांना त्यांच्या कल्पनेने काम करू दिले जाई. आपल्याकडे वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथे १९४४ पासून देवी प्रसाद हे शांतिनिकेतनात शिकलेले कलावंत मुलांना चित्रकला शिकवीत. मुलांची कला हा शिक्षणाचा पाया आहे, असे त्यांचे मत होते आणि त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले.

कोणी म्हणेल, "मग काय, पाहून काढायचेच नाही? हाताला वळण लागणार कसे?" आक्षेप योग्य आहे. मुंबईचे सर जे. जे. कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले. तेथील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती केल्या. ती नक्कलच होती. पण अंधाऱ्या लेण्यात एकेका रेषेचा माग काढताना त्यांचे डोळे आणि हात किती शिकले असतील! तुम्हीही पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसाल, तेव्हा समोरची घागर पाहून नीट काढता आलीच पाहिजे. घागर डोळ्यांपुढे ठेवून काढणे हा अभ्यास आहे. शेजाऱ्याच्या वहीतला नारळ उतरवणे हा अभ्यास नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरी सबब रंगांची. 'आमच्याकडे चांगली रंगपेटी नाही' असे पुष्कळ मुले सांगतात. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील वारली लोकांकडे कोठे रंगपेटी होती? गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचलेली काडी एवढ्यावर त्यांनी लग्नाचे चौक लिहिले. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले, की त्यांचा माणूस उभा राहतो आणि नाचूही लागतो. त्यांच्यातील जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आपल्या घरी हळद आहे, काजळ आहे, चुलीतला कोळसा आहे. भेंडीचे देठ कापून रंगात बुडवले, तर कागदावर पाकळ्यांचे फूल उमटते. पिवळ्यात निळा मिसळला, की हिरवा होतो, हे वाक्य पाठ करणे वेगळे. आणि आपल्याच वाटीत तो हिरवा हळूहळू उगवताना पाहणे वेगळे.

मोठ्या माणसांनाही मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. परीक्षा जवळ आली, की चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकतात. गणिताचा तास चित्रकलेला दिल्याचे मात्र मी अद्याप ऐकलेले नाही.

आणि तुम्हांलाही. शेजाऱ्याचे चित्र पाहून 'हे काय काढलेस?' असे नाक मुरडून विचारू नका. 'यात काय चालले आहे, सांग पाहू' असे विचारून बघा. कोऱ्या कागदापुढे 'मला चित्र येत नाही' म्हणून बसून राहणारा जो कोणी तुमच्या वर्गात असेल, त्याला पहिल्यापासूनच चित्र येत नव्हते असे नाही. केव्हातरी, कोणीतरी हसलेले असते.

गेल्या पावसाळ्यात मी एका खेड्यातील शाळेत गेलो होतो. चित्रकलेचाच तास चालला होता. एका मुलीने विहीर काढली होती. वाटोळा काठ, काठावर दोर, आणि आत पाण्याच्या जागी पांढरे पांढरे ढग. शेजारचा मुलगा म्हणाला, "ए, विहिरीत कुठे ढग असतात का?"

तिने मान वर केली नाही. ढगाची कड रंगवता रंगवता ती म्हणाली, "वाकून बघितलंस का कधी?"

तो क्षणभर गप्प बसला. मग उठला आणि खिडकीशी जाऊन पटांगणातल्या विहिरीकडे पाहू लागला.