बुलेट ट्रेन : सुरतला घाई, मुंबईला वाट

सुरत : मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन 2027 मध्ये सुरत ते बिलीमोरा या टप्प्यापासून धावेल, असं रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केलं आहे. 14 सप्टेंबर 2017 ला भूमिपूजन झालं तेव्हा 2022 च्या स्वातंत्र्यदिनाचं लक्ष्य सांगितलं गेलं होतं. ते हुकलं. आता वेळ वाचवायची धडपड सुरू आहे. ती कशी, आणि कशाच्या बदल्यात?

पहिला उपाय तंत्राचा. 40 मीटर लांब, सुमारे 970 टनांचा अखंड गर्डर यार्डात तयार करून थेट खांबांवर बसवतात. तुकडे जोडण्यापेक्षा हे काम कितीतरी पट लवकर होतं. मात्र मोठे यार्ड, अवजड यंत्रं यांचा खर्च आधीच करावा लागतो.

दुसरा उपाय गाडीचा. मार्ग ताशी 320 किलोमीटरसाठी बांधलाय. पण जपानी गाड्यांसाठी न थांबता ऑक्टोबर 2024 मध्ये 'बीईएमएल'ला 280 किलोमीटर क्षमतेच्या दोन गाड्यांचं काम दिलं. म्हणजे लवकर सुरुवात, पण कमी वेगानं.

तिसरा उपाय टप्पे पाडण्याचा. जिथं काम पुढं गेलंय तिथून सुरुवात. खरी मेख इथंच आहे. जमेची बाजू अशी, की गाड्या, रूळ, सिग्नल यांची पारख छोट्या पट्ट्यात होईल. पण हा पट्टा 508 पैकी जेमतेम 50 किलोमीटरचा. त्यात सुरतचं नवं स्टेशन अंत्रोळीला, शहराबाहेर. बिलीमोऱ्याला जाणारा माणूस आधी तिथवर जाईल की नेहमीची लोकल धरेल?

मुंबईची तारीख ठरणार ती बीकेसी-शिळफाटा या 21 किलोमीटरच्या बोगद्यावर. त्यातले 7 किलोमीटर ठाणे खाडीखाली आहेत. महाराष्ट्रात भूसंपादन रखडलं, विक्रोळीचा वाद उच्च न्यायालयात फेब्रुवारी 2023 पर्यंत चालला. त्यामुळे गुजरातमध्ये वाचलेले महिने मुंबईच्या खात्यात जमा होत नाहीत.

घाई किती करायची, यालाही मर्यादा हवी. नोव्हेंबर 2024 मध्ये आणंदजवळ वासद इथं याच प्रकल्पावर तीन मजुरांचा जीव गेला. तारीख पुढं गेली तर टीका होते. माणूस गेला तर परत येत नाही.

उधना-लिंबायतमधल्या खान्देशी कुटुंबांना बिलीमोऱ्यापेक्षा मुंबईचं काम जास्त. त्यांनी उद्घाटनाची तारीख विचारण्याऐवजी बोगदा किती पुढं सरकला, हे विचारलेलं बरं.